सोडतीने निवडलेली नागरिक सभा कशी भरवावी

जाहीर सुनावणीला कोण येतं ते एकदा नीट बघावं. ज्यांच्याकडे वेळ आहे ते येतात, ज्यांचं काही जाणार आहे ते येतात आणि ज्यांना माइक आवडतो ते तर हटकून येतात. बाकीचे आपापल्या कामात. मग ‘लोकांचा विरोध आहे’ किंवा ‘लोकांचा पाठिंबा आहे’ असं इतिवृत्तात लिहिलं जातं. लोक म्हणजे कोण, तर सभागृहातले तेच ते चेहरे.

यावरचा उपाय जुना आहे: सोडत. प्राचीन अथेन्समध्ये पाचशे जणांची परिषद दरवर्षी सोडतीने निवडली जाई आणि एका माणसाला आयुष्यात दोनदाच तिथे बसता येई. (स्त्रिया आणि गुलाम त्यात नव्हते, हेही लक्षात असू द्यावं.) १९७०च्या दशकात जर्मनीत पेटर डीनेल आणि अमेरिकेत नेड क्रॉस्बी यांनी एकमेकांना न विचारता जवळपास सारखीच पद्धत पुन्हा उभी केली: चिठ्ठ्या टाकून सामान्य माणसं निवडायची, त्यांना माहिती द्यायची, वेळ द्यायचा, आपसात चर्चा करू द्यायची आणि मग त्यांचं म्हणणं ऐकायचं. आज अनेक देशांत नगरपालिकेपासून संसदेपर्यंत अशा सभा भरतात.

हा लेख अशी सभा भरवू पाहणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही पालिकेत असाल, एखाद्या संस्थेत असाल किंवा प्रशासनाच्या मागे लागलेला नागरिकांचा गट असाल. माझं मत आधीच सांगून टाकतो. सभेचं भवितव्य बहुतेक वेळा पहिली बैठक भरण्यापूर्वीच ठरलेलं असतं. म्हणून या लेखाचा निम्म्याहून जास्त भाग बैठकीच्या आधीच्या कामाबद्दल आहे.

भरवावी की नाही

काही वेळा ‘नाही’ हेच उत्तर बरोबर असतं. निर्णय आधीच झालेला असेल आणि लोकांकडून फक्त ‘मम’ म्हणवून घ्यायचं असेल, तर सभा भरवू नका. लोकांना ते पहिल्याच दिवशी कळतं आणि पुढच्या वेळी खऱ्या कामालाही ते येत नाहीत. उत्तर आठवड्याभरात हवं असेल तर हा मार्ग नव्हे. पुलाचा खांब किती जाड असावा हे अभियंत्यांना विचारावं. आणि एखाद्या लहान समूहाचे मूलभूत हक्क ठेवायचे की काढायचे, हा बहुमतापुढे ठेवायचा विषयच नाही.

योग्य विषय ओळखायचा कसा? ज्यात दोन चांगल्या गोष्टींत ओढाताण आहे, ज्याचे परिणाम दूरवर जाणार आहेत आणि ज्याला हात लावायला निवडून आलेले लोक कचरतात, तो विषय योग्य. आयर्लंडमध्ये गर्भपातबंदीची तरतूद १९८३ पासून राज्यघटनेत होती आणि कुठल्याही सरकारला ते लचांड गळ्यात नको होतं. २०१६ मध्ये ९९ नागरिक आणि अध्यक्षपदी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश मेरी लॅफॉय अशी सभा बसली. पाच शनिवार-रविवार तिने फक्त या एका विषयाला दिले आणि ती तरतूद बदलावी अशी शिफारस केली. २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी तरतूद हटवण्याच्या बाजूने कौल दिला. सभेने देशाचं मत फिरवलं असं मी म्हणणार नाही. तिने एवढंच दाखवून दिलं की या विषयावर न भांडता बोलता येतं, आणि राजकारण्यांना तेवढा आधार पुरला.

निधी कुठे खर्च करायचा एवढंच ठरवायचं असेल, तर ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये सुरू केलेली सहभागी अंदाजपत्रकाची पद्धत जास्त सोयीची. तिथे दार सगळ्यांना उघडं असतं. नुसता कल जाणून घ्यायचा असेल तर सर्वेक्षण पुरतं.

आधी वचन, मग सभा

सभेच्या शिफारशी ज्याच्या हातात जाणार, त्याच्याकडून लेखी वचन घ्या. त्यात चार गोष्टी हव्यात: उत्तर किती दिवसांत मिळेल, कोण देईल, प्रत्येक शिफारशीवर वेगळं देईल का, आणि नाकारल्यास कारण लिहील का. ‘सर्व शिफारशी मान्य करू’ असं वचन मात्र मागू नका, आणि कोणी आपणहून देऊ लागला तर घेऊही नका.

फ्रान्सचं उदाहरण यासाठी पाहावं. २०१९-२० मध्ये तिथे १५० नागरिकांची हवामान सभा भरली. हरितगृह वायूंचं उत्सर्जन १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत किमान ४० टक्क्यांनी कमी कसं करायचं, तेही सामाजिक न्याय सांभाळून, हे त्यांना ठरवायचं होतं. राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी सांगितलं होतं की प्रस्ताव ‘गाळणी न लावता’ पुढे जातील. सभेने १४९ प्रस्ताव दिले. तीन तर माक्रोंनी लगेच बाजूला काढले, आणि पुढे कायदा होताना बाकीच्यांपैकी बरेच पातळ झाले. २०२१ च्या सुरुवातीला सदस्यांनी सरकारच्या प्रतिसादाला दहापैकी सरासरी ३.३ गुण दिले. काम कमी झालं नव्हतं. वचन मोठं होतं.

उलट दक्षिण कोरियात २०१७ मध्ये अर्धवट थांबवलेल्या दोन अणुभट्ट्यांचं काम पुरं करायचं का, हा एकच प्रश्न ४७१ नागरिकांपुढे ठेवला गेला. सरकारचा स्वतःचा कल काम थांबवण्याकडे होता. ५९.५ टक्के सदस्यांनी काम पुरं करा म्हटलं आणि सरकारने ते ऐकलं. प्रश्न नेमका, वचन नेमकं, त्यामुळे कोणाला पळवाट उरली नाही.

बेल्जियममधल्या जर्मन भाषिक समुदायाने २०१९ मध्ये ही गोष्ट कायद्यातच बसवली. सोडतीने आलेल्या २४ नागरिकांचं कायमस्वरूपी मंडळ विषय ठरवतं, त्या विषयासाठी वेगळी नागरिक सभा बसते आणि तिच्या शिफारशींवर प्रादेशिक संसदेला चर्चा करून उत्तर द्यावंच लागतं. विषय ठरवण्याचा अधिकारही नागरिकांकडे असणं मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण अडचणीचा विषय पटावर येऊच नये याची काळजी सत्ता नेहमी घेते.

प्रश्नाची ओळ

इथे घाई करू नका. प्रश्नाच्या एका ओळीवर दोन-तीन बैठका गेल्या तरी त्या वाया जात नाहीत.

समजा, विषय शहराच्या कचऱ्याचा आहे. ‘नवा कचरा प्रकल्प हवा की नको?’ असं विचारलंत की पहिल्या तासात दोन तट पडतात आणि शेवटपर्यंत तसेच राहतात. ‘शहर स्वच्छ कसं ठेवता येईल?’ असं विचारलंत तर सगळे सगळ्याला हो म्हणतात आणि हाती काहीच लागत नाही. ‘पुढच्या वीस वर्षांत शहराच्या कचऱ्याचं काय करावं आणि त्याचा खर्च व त्रास कोणी किती सोसावा?’ या ओळीत मुदत आहे, मोकळीक आहे आणि भार कोणावर हा अवघड भागही टाळलेला नाही.

प्रश्न पक्का करण्याआधी तो तीन प्रकारच्या लोकांना दाखवा: प्रकल्पाचा कट्टर समर्थक, कट्टर विरोधक आणि ज्याला यातलं काहीच माहीत नाही असा कोणी. पहिल्या दोघांपैकी एकालाच तो आवडला तर प्रश्न झुकलेला आहे. तिसऱ्याला तो समजला नाही, तर पुन्हा लिहा. काय बदलता येणार नाही (कायदा, उपलब्ध निधीची मर्यादा, दुसऱ्या खात्याचा अधिकार) हेही प्रश्नाखालीच नमूद करा. तिसऱ्या बैठकीत ‘हे आमच्या हातात नाही’ असं सांगावं लागणं फार वाईट.

सोडत

सोडत दोन टप्प्यांत होते. आधी घरांच्या किंवा रहिवाशांच्या यादीतून यदृच्छेने पत्ते काढून आमंत्रणं पाठवायची. जे ‘येतो’ म्हणतील त्यांची थोडी माहिती घ्यायची आणि मग त्यांच्यातून दुसरी सोडत काढायची, अशी की अंतिम गटात वय, लिंग, वस्ती, शिक्षण यांचं प्रमाण एकूण लोकसंख्येसारखं येईल. ब्रिटनच्या २०२० च्या हवामान सभेसाठी ३०,००० घरांना पत्रं गेली आणि शेवटी १०८ जण बसले.

दुसऱ्या टप्प्याची गरज का? कारण पत्राला उत्तर देणारे मुळात वेगळे असतात: जास्त शिकलेले, जास्त उत्साही, विषयाबद्दल आधीच काही ठरवून बसलेले. ब्रिटनच्या सभेत म्हणूनच हवामानबदलाची चिंता किती वाटते, हाही एक निकष होता. ज्यांना चिंता नाही तेही खोलीत हवेत. हा निकष वापरायला संयोजक बिचकतात, पण वादग्रस्त विषयात तो नसेल तर निकालाच्या दिवशी ‘सगळे आपलेच लोक गोळा केले होते’ हा आरोप येतो आणि त्याला उत्तर नसतं. समविचारी माणसं एका टेबलाशी बसली की त्यांचं मत आणखी टोकाला जातं, हेही अभ्यासांतून पुष्कळदा दिसलं आहे.

संख्या किती? वॉर्डपातळीच्या विषयाला वीस-पंचवीस जण पुरतात. मोठ्या शहराला पन्नास ते शंभर. त्यापुढे आकडा वाढवून फारसं काही मिळत नाही, कारण खरी चर्चा शेवटी सात-आठ जणांच्या टेबलावरच होते.

पत्र एका पानाचं ठेवा: काय आहे, किती दिवस, काय मिळेल, काही माहीत नसलं तरी चालेल. शेवटचं वाक्य ठळक छापा. ‘मला काय कळतंय त्यातलं’ या एका विचाराने कितीतरी माणसं पत्र बाजूला ठेवतात.

मानधन द्या. फ्रान्समध्ये सदस्यांना न्यायालयातल्या ज्यूरीच्या दराने भत्ता होता. रोजंदारीवरचा माणूस, लहान मूल असलेली आई, चाकाच्या खुर्चीवरचे आजोबा हे सगळे यायचे असतील, तर बुडालेली मजुरी, पाळणाघर, वाहन आणि दुभाषा यांची सोय अंदाजपत्रकात आधी लिहावी, सभागृहाच्या सजावटीची नंतर. ‘आम्ही सगळ्यांना बोलावलं होतं’ हे वाक्य या सोयींशिवाय खोटं आहे.

सोडत शक्य तर लोकांसमोर काढा आणि तिचे नियम आधी जाहीर करा. आयर्लंडमध्ये २०१८ च्या सुरुवातीला असं उघड झालं की सदस्य गोळा करण्याचं काम दिलेल्या बाहेरच्या संस्थेतल्या एका व्यक्तीने सात जण ओळखीपाळखीतून भरले होते. ते सातही जण वगळावे लागले. सदस्यांची गळती झाली की कोणीतरी घाईघाईत जागा भरतं, आणि घोडं तिथेच पेंड खातं. म्हणून सुरुवातीलाच राखीव यादी काढून ठेवा.

माहिती कोण देणार

सदस्यांना अभ्यासासाठी एक पुस्तिका लागते. ती संयोजकांनी एकट्याने लिहू नये. विषयातल्या सगळ्या बाजूंचे पाच-सात प्रतिनिधी घेऊन एक देखरेख गट करा. कचऱ्याच्या उदाहरणात पालिकेचे अभियंते, प्रकल्पाशेजारच्या वस्तीतले लोक, कचरावेचक, पर्यावरणाचं काम करणारे, ठेकेदार. त्यांना एकच अधिकार द्या: पुस्तिकेत काय चुकलंय किंवा काय सुटलंय ते सांगण्याचा. सगळ्यांना पुस्तिका थोडी-थोडी नावडली की ती जमली असं समजावं.

तज्ज्ञांना बोलावताना भाषण छोटं, प्रश्न मोठे. पंधरा मिनिटं बोलणं आणि पाऊण तास टेबलांवरून आलेले प्रश्न. पहिल्या दिवशी सदस्यांच्या हातात चार प्रश्न छापून द्या. हे कोणत्याही तज्ज्ञाला विचारता येतात: हे तुम्हाला कशावरून कळलं? तुमच्या कामाला पैसे कोण देतं? तुमच्याशी असहमत असलेले जाणकार काय म्हणतात? काय दिसलं तर तुम्ही मत बदलाल? शेवटच्या प्रश्नावर गडबडणाऱ्या तज्ज्ञाबद्दल सदस्यांना पुरेसं कळून जातं.

तज्ज्ञांच्या यादीत भर घालायचा हक्क सदस्यांना हवाच. दुसऱ्या बैठकीनंतर विचारा, ‘अजून कोणाला ऐकायचंय?’ आणि त्यासाठी वेळापत्रकात अर्धा दिवस रिकामा ठेवा. ज्यांना रोज तो प्रश्न भोगावा लागतो, तेही साक्षीदारच आहेत. कचरा डेपोशेजारी राहणाऱ्या बाईंची दहा मिनिटं आकड्यांच्या तक्त्याइतकीच माहिती देतात.

टेबलाभोवती

वेळ किती लागतो? आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०२० मध्ये मांडलेल्या तत्त्वांत किमान चार पूर्ण दिवस प्रत्यक्ष भेटीचे म्हटले आहेत. ते सलग घेऊ नयेत. दोन-दोन दिवस, मध्ये दोन-तीन आठवडे. त्या मधल्या काळात सदस्य घरी, कामावर, प्रवासात लोकांशी बोलतात आणि पुढच्या वेळी वेगळे होऊन येतात.

प्रत्येक टेबलाला एक संवादक लागतो. त्याला विषयातलं जास्त कळत नसेल तर उत्तमच. त्याचं काम सगळ्यांना बोलतं करणं आणि स्वतःचं मत खिशात ठेवणं. विद्वान माणसाला हे जमणं कठीण असतं, म्हणून संवादक निवडताना पदवी बघू नका. ऐकताना तो मध्येच तोंड घालतो का, तेवढं बघा.

काही साध्या युक्त्या खूप काम करतात. प्रत्येक चर्चेआधी तीन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून कागदावर लिहायचं. मग एकेकाने वाचायचं, मध्ये कोणी बोलायचं नाही. एवढ्यानेच बडबड्या माणसाचा पहिला हल्ला परतवला जातो. दर सत्राला टेबलं सोडतीने बदला, नाहीतर दुपारपर्यंत कंपू बनतात. खाणं एकत्र ठेवा, आणि त्या वेळात कार्यक्रम कोंबू नका.

संवादकाच्या तोंडी हवीत अशी काही वाक्यं:

‘तुमचं म्हणणं मी असं लिहितोय. बरोबर आहे का?’
‘काकू, तुम्ही मघाशी मान हलवलीत. काय मनात आलं?’
‘दादा, तुमचा मुद्दा कागदावर आलाय. आता बाकीच्यांचं ऐकू या.’
‘ज्यांना हे पटणार नाही, त्यांची बाजू इथे कोण नीट मांडू शकेल?’

शेवटचं वाक्य दिवसातून एकदा तरी वापरावं. विरोधकाची बाजू त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडता आली, की चर्चेचा सूर बदलतो. आणि एक: लवकर एकमत होत असेल तर आनंद मानू नका. पाचामुखी परमेश्वर खरा, पण पाचही मुखं एकाच घाबरलेल्या सुरात बोलत असतील तर तो परमेश्वर नव्हे, संकोच आहे. अशा वेळी थांबून प्रत्येकाला चिठ्ठीवर नाव न घालता एक शंका लिहायला सांगा आणि त्या सगळ्या मोठ्याने वाचा.

सभेबाहेरच्या लोकांनाही वाट हवी. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सभेने २००४ मध्ये निवडणूक पद्धतीवर विचार करताना प्रांतभर पन्नास जाहीर सुनावण्या घेतल्या. आता ऑनलाइन साधनंही आहेत. तैवानमध्ये वापरलेल्या ‘पोलिस’ (Pol.is; आपल्या पोलिसांशी संबंध नाही) या साधनात लोक आपलं विधान टाकतात, इतरांच्या विधानांवर सहमत, असहमत किंवा ‘पुढे’ एवढंच म्हणू शकतात आणि कोणाला उत्तर देण्याची सोयच नसते. त्यामुळे भांडणाला जागा मिळत नाही आणि दोन गटांना समान पटणारी विधानं वर येतात.

शिफारशी आणि मतदान

शेवटचे दीड-दोन दिवस लिहिण्यासाठी राखा. इथे नेहमी वेळ कमी पडतो, आणि कमी वेळात लिहिलेल्या शिफारशी ‘जनजागृती करावी’, ‘समन्वय साधावा’ अशा होतात. अशा ओळी प्रशासनाला फार आवडतात, कारण त्यांवर काही करावंच लागत नाही. म्हणून प्रत्येक मसुद्याला पाच प्रश्न विचारा: हे कोणी करायचं? काय करायचं? कधीपर्यंत? खर्च कुठून? आणि यात कोणाचं नुकसान होईल? पाचव्या प्रश्नाचं उत्तर ‘कोणाचंच नाही’ असं आलं तर मसुदा अजून कच्चा आहे.

एका टेबलाने लिहिलेला मसुदा दुसऱ्या टेबलाने तपासायचा आणि दुरुस्त्या सुचवायच्या. मूळ टेबलाने त्या घ्यायच्या किंवा कारण देऊन नाकारायच्या. अशा दोन फेऱ्या झाल्या की मसुद्याची टोकं बरीच घासली जातात.

मतदान गुप्त असावं आणि नुसतं हो-नाही नसावं. ‘पूर्ण पटतं, चालेल, शंका आहे, अजिबात पटत नाही’ अशा पायऱ्या ठेवा. शिफारस म्हणून जाण्यासाठी किती पाठिंबा हवा हे पहिल्या दिवशीच ठरवा, मत मोजल्यावर नाही. ज्यांचं मत वेगळं राहिलं त्यांना अहवालात स्वतःच्या शब्दांत दोन परिच्छेद द्या. अहवालाची भाषा सदस्यांचीच ठेवा. संयोजकाने ती ‘सुधारली’ की सदस्यांना स्वतःचा अहवाल ओळखू येत नाही.

अहवालानंतर

ब्रिटिश कोलंबियाच्या १६० सदस्यांनी सुमारे वर्षभर काम करून नवी मतदान पद्धत सुचवली. २००५ च्या सार्वमतात ५७.७ टक्के मतदार त्या बाजूने गेले, पण सरकारने अट ६० टक्क्यांची ठेवली होती. २००९ मध्ये पुन्हा विचारलं तेव्हा पाठिंबा ३९ टक्क्यांवर आला. सभेच्या आत माणसं शिकतात, बाहेरची मात्र होती तिथेच असतात, आणि मध्ये वर्षं गेली की सभा कोणाच्या लक्षातही राहत नाही. म्हणून सदस्यांनाच बोलू द्या: वस्तीत, शाळांत, स्थानिक वर्तमानपत्रांत, छोट्या व्हिडिओंतून. ‘मी आधी याच्या विरोधात होते, मग हे ऐकलं’ असं सांगणाऱ्या शेजारणीवर लोक माहितीपत्रकापेक्षा जास्त विश्वास ठेवतात.

अहवाल सोपवतानाच उत्तराची तारीख जाहीर करा. त्या तारखेला सदस्यांना परत बोलवा आणि अधिकाऱ्यांना समोर बसवा. एक साधा तक्ता भिंतीवर लावा: शिफारस, स्वीकारली की नाही, कारण, जबाबदार खातं, मुदत, आजची स्थिती. वर्षभराने पुन्हा तोच तक्ता घेऊन बसा. या दोन बैठकांचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरा, कारण नंतर तो मंजूर करायला कोणी उत्सुक नसतं.

कमी पैशात

एवढी यंत्रणा जमणार नसेल तरी गाभा टिकवता येतो. एखादी सहकारी संस्था, महाविद्यालय किंवा वस्ती आपल्या सभासद यादीतून चिठ्ठ्या काढून अठरा-वीस जणांना दोन रविवार बसवू शकते. अनुभवी संवादक मिळाला नाही तर शेजारच्या संस्थेतल्यांना ते काम द्या आणि त्यांच्या वेळी तुम्ही जा. पुस्तिकेऐवजी दोन पानी टिपण, त्यावर दोन्ही बाजूंच्या लोकांची सही. काटछाट करायचीच झाली तर दिवसांत करा, संख्येत करा. सोडत, मानधन आणि लेखी उत्तर या तिन्हींत करू नका.